कौलावर टाकलेली दाढ

चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या कौलांवर चार भावंडांचे मिळून ऐंशी दात असायला हवे होते. एकेकाचे वीस दुधाचे दात, आणि आम्ही चौघं. काही शाळेत पडले, एकदोन भाकरीबरोबर गिळले गेले, एक धाकट्या भावाने नदीत हरवला. तेवढे वजा करायचे. उरलेला प्रत्येक दात आजीने शेणाच्या गोळीत बसवून आमच्या हातात दिला आणि आम्ही तो अंगणातून कौलांवर फेकला. फेकताना उंदराला सांगायचं, हा जुना घे आणि तुझ्यासारखा नवा दे. गोळी घरंगळून परत अंगणात आली तर नवा दात वाकडा येतो, असं आजी म्हणायची. म्हणून आम्ही सगळा जीव हातात आणून फेकायचो.

त्या ढिगात दोन दाढा मात्र दुधाच्या नव्हत्या. एक दादाची, एक माझी. दोन्ही पक्क्या, आयुष्यभरासाठी आलेल्या. त्याही आजीने शेणात बसवल्या, त्याही आम्ही कौलांवर फेकल्या. आणि उंदराने दादाची दाढ परत दिली, माझी दिली नाही. ही गोष्ट मी लहानपणी खरीच मानली होती, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. तिचा उलगडा व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि तो नातीच्या दाढेमुळे झाला.

नात ठाण्याला असते. सहाव्या वर्षी तिची खालची उजवी दाढ उगवली तीच पिवळट तपकिरी, वर खडबडीत, ओल्या खडूसारखी. थंड पाणी लागलं की ती गाल धरायची. त्या बाजूने घास नेईना, ब्रश लावू देईना. मी लेकीला म्हटलं, पोरगी दात नीट घासत नाही. आमच्या आईने हेच म्हटलं असतं, तिच्या आईनेही हेच. मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळंच होतं. या दाढेचं वरचं कवच जन्माच्या सुमारास घडायला लागतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. त्या दिवसांत काहीतरी बिनसलं की कवच कच्चं राहतं. २००१ पासून दंतवैद्यक त्याला एमआयएच म्हणतं, आणि जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरातल्या साधारण तेरा-चौदा मुलांत ते कमीअधिक आढळतं. ब्रश लावला की दुखतं म्हणून मूल घासत नाही, आणि घासत नाही म्हणून दाढ आणखी लवकर किडते. मी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती, आणि त्याचा दोष आठ वर्षांच्या मुलीला दिला होता. मी तिची माफी मागितली. आमच्या लहानपणी मोठ्या माणसाने लहानाची माफी मागितल्याचं मला एकदाही आठवत नाही.

आमच्या वेळी या दाढेला वेगळं नावसुद्धा नव्हतं. ती येते कशी ते पाहिलं की घराघरांत ती का फसवून गेली ते कळतं. तिच्या पुढचे पक्के दात दुधाचे दात पाडून त्यांच्या जागी येतात. ही कोणाला पाडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, सहाव्या वर्षी गुपचूप वर येते. समोरून मोजत गेलं तर सहावा दात. तोंडात सगळीकडे दुधाचेच दात, तेव्हा हीही दुधाचीच असणार, असं सगळे धरून चालायचे. तिला भोक पडलं की आई, आजी, काकू, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: पडणारच आहे ती. आमच्या पिढीच्या किती दाढा या तीन शब्दांत गेल्या असतील! हे शब्द प्रेमाने म्हटले जायचे, मुलाला धीर द्यायला म्हटले जायचे.

आणि मग एका रात्री ठणका सुरू व्हायचा.

त्या रात्रींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझं मन जिथे पुन्हा पुन्हा जातं ती जागा हीच. दाढ दिवसा सहन होते. अंधार पडला, आडवं झालं की कानापर्यंत, कपाळापर्यंत कळा चढतात. पहिल्यांदा आई उठायची. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व्हायच्या. मग लवंग ठेचून दाढेत, तिने भागलं नाही तर हिंगाचा खडा. मग आजी उठायची. परसातल्या पेरूची पानं उकळायला ठेवायची. तव्यावर मीठ तापवून फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि गालाला शेक द्यायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघून. बाबा कंदील घेऊन यायचे, वात मोठी करायचे, तोंड उघडायला सांगायचे आणि बराच वेळ आत बघत राहायचे. त्यांना काय दिसायचं कोण जाणे, पण ते बघायचे. भावंडं जागी होऊन गोधडीतून डोळे काढायची. दादा तर उठून माझ्या पायांशी येऊन बसायचा आणि काही बोलायचा नाही. शेवटी आजीच्या मांडीवर दुखरा गाल ठेवून झोप लागायची. उशीवर लागायची नाही, मांडीवरच लागायची. सकाळी आजीच्या लुगड्याला लवंगेचा वास असायचा.

नातीची दाढ दुखायला लागली ती संध्याकाळी सातला. लेकीने डॉक्टरांना फोन केला, नातीच्या वजनाप्रमाणे औषधाचा डोस विचारून दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळाली. साडेनऊला नात झोपलेली होती. मला हे सगळं सकाळी कळलं. किती चांगलं झालं! एका औषधाने जे शमतं त्यासाठी एखाद्या मुलाने रात्रभर का तळमळावं? मी हे मनापासून म्हणते. आणि तरी त्या दिवशी हातात फोन धरून मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. माझ्या आजीच्या मांडीने कीड थांबवली नव्हती, सूज उतरवली नव्हती. त्या रात्री दाढ आतून आणखी थोडी मेली होती, एवढंच. मला आठवतो तो शेक, आणि माझ्या आठवणीत वेदना नसते. ती माझ्या शरीराने भोगली आणि मनाने टाकून दिली. म्हणून या आठवणीवर मी फार विश्वास टाकत नाही. पण तिला सोडतही नाही.

शेकाबरोबर अंधारही होता, तोही सांगायला हवा. वाडीत एक बाई होती, ती किडे काढून द्यायची. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायची, नळीने तो धूर दाढेपाशी सोडायची आणि मग वाटीतल्या पाण्यावर पांढरे कण दाखवायची: बघा, हे किडे. ते कण त्या बियांचेच असायचे. दाढेतल्या किडीत किडा नसतोच. तोंडातले जंतू गोड-पिठूळ खाऊन आम्ल सोडतात आणि ते आम्ल दाताला पोखरतं. पण ती धुरी घेऊन आलेली मुलं आठ दिवस शांत असायची, कारण मेलेली नस दुखत नाही. आणि तेवढ्यावर त्या बाईचं नाव दहा गावांत होतं. आमच्या वेळी गोड कमी होतं म्हणून दात चांगले होते, असं आमच्या वयाची माणसं आता लग्नाकार्यात सांगतात तेव्हा मी गप्प बसत नाही. गूळ होता, काकवी होती, शाळेबाहेर लिमलेटच्या गोळ्या होत्या. राखुंडी होती, पण ती दाढेच्या खळगीत पोहोचत नव्हती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दाढा काळ्या होत्या. ज्यांचे दात चांगले राहिले तेच आज सांगायला बसलेत.

दाढ काढायची की नाही, हे कोण ठरवायचं? आमच्याकडे बाबा ठरवायचे, आणि ते ठरवायला त्यांना एक वाक्य पुरायचं: भात कापून झालं की जाऊ. दाढेचा दिवस भातावर ठरायचा, बाजारवारावर ठरायचा, एसटीवर ठरायचा. दाढेवर कधीच ठरायचा नाही. मुलाला विचारायची रीत नव्हती. तालुक्याला दाढा काढणारे दोघं होते. एक बाजाराच्या दिवशी वडाखाली गोणपाट अंथरून बसायचा. पुढ्यात काढलेल्या दातांचा ढीग, तीच त्याची जाहिरात. दुसऱ्यांचा बोर्ड होता, खुर्ची होती. पण बोर्ड असणं आणि शिकलेलं असणं या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने पदवी नसलेल्या, पण आधीपासून हेच काम करून पोट भरणाऱ्यांचीही वेगळ्या भागात नोंद करून घेतली होती. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून उभं होतं. पण चिपळूणहून मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी, आणि कोकण रेल्वेची गाडी पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडायचं होतं.

दाढ भरता येते, हे बाबांना ठाऊक होतं. चांदी भरतात, म्हणायचे. पण भरायला दोनतीन खेपा, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडणार, आणि भरूनही राहील याची खात्री नाही. काढायला एकच खेप. चार मुलांच्या बापाने हा हिशेब केला, आणि त्या वेळी तो चुकीचा होता असं मला म्हणवत नाही.

दादाची दाढ नवव्या वर्षी काढली, खालची डावी. मी सहा वर्षांची होते. तो गालात कापूस दाबून घरी आला, कागदाच्या पुडीत दाढ घेऊन. रक्ताळलेली, दोन पायांची, आमच्या सगळ्या दुधाच्या दातांहून कितीतरी मोठी. आजीने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. बहुतेक तिला कळलं असावं. ती काही बोलली नाही, शेण घेऊन आली. दादाने दाढ फेकली, ती पार आढ्याजवळच्या कौलांपर्यंत गेली. त्या दिवशी त्याला दोन बर्फाचे गोळे मिळाले. आमच्याकडे दाढ काढली की बर्फाचा गोळा मिळायचा आणि इतर वेळी गोळ्याला घसा धरतो म्हणून मनाई असायची, त्यामुळे त्या लाल गोळ्यासाठी मी दाढ दुखण्याची वाट बघितल्याचं मला नीट आठवतं.

तीन वर्षांनी दादाच्या तोंडात त्याच जागी दाढ होती. पांढरी, सरळ, शेजारणीला अगदी चिकटून. त्याने मला कंदिलाजवळ नेऊन दाखवली. उंदराने दिली, म्हणाला. तो बारा वर्षांचा होता, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास उरला नव्हता, पण मी नऊ वर्षांची होते आणि ते त्याला माहीत होतं.

माझी दाढ १९७३ साली काढली, खालची उजवी. तेव्हा मला बारावं सरत आलं होतं. भूल नीट चढली नव्हती. काढणाऱ्याने गुडघा खुर्चीच्या कडेला रोवला होता आणि बाबांनी माझं डोकं छातीशी धरलं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या बटणाची खूण माझ्या कपाळावर संध्याकाळपर्यंत होती. मीही दाढ फेकली, मलाही गोळा मिळाला. मग मी वाट बघितली. वर्षभर माझी जीभ त्या जागी जात राहिली. तिथे काही आलं नाही. उलट मागची दाढ हळूहळू पुढे कलंडली, पावसात झुकलेल्या कुंपणाच्या खुंटासारखी, आणि तिच्या पुढे अन्न अडकणारी एक फट कायमची राहिली. वरची दाढ समोर कोणी नाही म्हणून खाली उतरत आली. मी त्या बाजूने चावणं सोडलं. भाजलेल्या आठळ्या मला फार आवडायच्या, त्या मी तेव्हापासून डाव्या बाजूने खाते. घरात ठरून गेलं की दादाचे दात बाबांवर गेले आणि माझे आईवर. आईला ते लागायचं.

ठाण्याच्या दवाखान्यात भिंतीवरच्या पडद्यावर नातीच्या तोंडाचं अख्खं चित्र उभं होतं. कानापासून कानापर्यंत सगळे दात एका एक्स-रेवर, त्याला ओपीजी म्हणतात. दुधाचे दात आपापल्या जागी, आणि त्यांच्या खाली हाडात पक्के दात रांगेने थांबलेले, पेरलेल्या बियांसारखे. आमच्या तोंडात काय पेरलंय ते आम्हांला उगवल्यावरच कळायचं. मी त्या चित्रापुढे उभी राहिले आणि मला अगदी भरून आलं.

डॉक्टर तरुण होत्या, लेकीहूनही लहान. त्यांनी खुर्ची नातीकडे वळवली आणि आधी तिला सांगितलं, मग आम्हांला. ही सहा वर्षांची दाढ. हिच्या मागे, अजून हाडात आहे ती बारा वर्षांची दाढ. तिची दोन मुळं जिथे फुटतात तिथे चंद्रकोरीसारखी बारीक पांढरी रेघ दिसायला लागली की आपल्याला हवी ती वेळ आली. त्या वेळी पुढची काढली तर मागची हाडातूनच पुढे सरकत येते आणि बहुतेक वेळा सरळ तिच्या जागी उभी राहते. फार लवकर काढली तर पुढची उपदाढ, जी अजून उगवलीही नाही, ती मागे घसरते. उशीर केला, मागची वर यायला लागली, की ती कलंडते आणि फट राहते. वरच्या जबड्यात एवढं बिनसत नाही, तिथली मागची दाढ सहसा आपण होऊन पुढे येते. खालचा जबडा हट्टी असतो.

मी विचारलं, साधारण कितव्या वर्षी?

आठ ते दहाच्या दरम्यान, त्या म्हणाल्या. पण वाढदिवस बघून नाही ठरवत आजी, एक्स-रे बघून ठरवतो.

नऊ आणि बारा. दादा आणि मी. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. उंदराने पक्षपात केला नव्हता, आई-बाबांच्या रक्तातही तो नव्हता. भात कापणीचा एक हंगाम दादाच्या बाजूने पडला होता आणि माझ्या वेळी तीन वर्षं उशिराचा पडला होता. दादाची दाढ काढली तेव्हा त्याच्या हाडात ती चंद्रकोर बहुधा उगवत होती, आणि ते घरात, तालुक्यात कोणालाही माहीत नव्हतं. ज्या वर्षी माझी दाढ काढली त्या वर्षी हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. दाढेच्या खळग्या लेप देऊन बुजवता याव्यात याची किल्ली तर माझ्या जन्माआधीच सापडली होती. दाताच्या कवचावर आम्ल लावून त्याला लेप चिकटण्याजोगं करता येतं, हे अमेरिकेत मायकल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं होतं. ज्ञान होतं. आमच्या घाटाखाली ते उतरलं नव्हतं.

नातीची चंद्रकोर तेव्हा दिसत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी दाढ काढली नाही. आतली दुखरी नस शांत केली, वर स्टीलची टोपी बसवली आणि सांगितलं, थांबू. आम्ही वेदना थांबवायला दाढ काढायचो. हे लोक दाढ काढायची वेळ येईपर्यंत वेदना थांबवून धरतात. आमचं थांबणं भीतीपोटी होतं, यांचं थांबणं हिशेबाने आहे. मधल्या महिन्यांत तारा लावणाऱ्या डॉक्टरांनाही चित्र दाखवलं गेलं. पुढचे दात दाटीत आहेत का, दोन्ही जबडे एकमेकांवर नीट बसतात का, अगदी शेवटच्या अक्कलदाढेचा कोंब हाडात आहे का, हे सगळं त्यांनी पाहिलं. कोंब होता. तो असेल तर मागची दाढ पुढे येण्याची आशा वाढते. आणि मागे एक दाढ शिल्लक आहे हा दिलासाही असतो. वरची दाढ समोर कोणी नाही म्हणून खाली उतरेल का, तीही काढावी का, यावरही दोघांचं बोलणं झालं. ठेवायची आणि लक्ष ठेवायचं, असं ठरलं. एका दाढेसाठी तीन माणसं आठ महिने विचार करत होती, आणि चौथं माणूस ती नऊ वर्षांची मुलगी होती.

या विचाराचंही ओझं असतं, तेही मी पाहिलं. बाबांनी एका वाक्यात ठरवलं आणि मग रात्री झोपले. लेक आणि जावई आठ महिने झोपले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. पक्की दाढ काढायची, हे कानाला सहन होत नव्हतं. एका ठिकाणी सांगितलं रूट कॅनल करून कायमची कॅप घाला, काढू नका. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आत्ताच काढा. लेक रात्री दोनदोनपर्यंत फोनवर वाचत बसायची. दाढ वाचवणं म्हणजे चांगले आईबाप, काढणं म्हणजे हार, असं तिच्या मनात बसलं होतं. आमच्या डॉक्टरांनी दातांच्या कण्या करून समजावलं की नऊ वर्षांच्या मुलीच्या कच्च्या दाढेवर आज कॅप घातली तर ती तिला आयुष्यभर पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहावी लागेल, आणि मागे चांगली दाढ जागेची वाट बघत असेल तर ती जागा तिला देणं हेही वाचवणंच आहे. प्रत्येक मुलाचं असं नसतं, हेही त्या दरवेळी सांगायच्या. ज्या मुलाची दाढ किडीने नुकतीच पोखरायला लागलीय, त्याची भरून वाचवायलाच हवी.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले की माझं मन सारखं गावाकडे जायचं. तिथे आजही सहा वर्षांची दाढ दुधाचीच समजली जाते. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला; शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करताना त्यात दातही बघतात. आमच्या शाळेत कोणी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं, शिक्षकांनी गप्प बसायला सांगितलं एवढंच. आता सांगतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण त्या मुलाच्या कार्डावर दाढ किडली आहे असं लिहिलं, आणि पुढे त्याला ओपीजीपर्यंत न्यायला कोणी नसलं, तर त्याची चंद्रकोर कोण बघणार? त्याच्याही आईला कोणीतरी भात कापून झाल्यावरची तारीख देत असेल. हे मला अस्वस्थ करतं. जुनं गेलं असं आपण म्हणतो तेव्हा ते फक्त आपल्या घरातून गेलेलं असतं.

नातीची दाढ काढली तेव्हा मी आत होते. छतावर पडदा होता आणि त्यावर कार्टून चाललं होतं. हिरडीला आधी मलम लावलं, मग सुई. अशा कच्च्या दाढा बधिर व्हायला वेळ घेतात म्हणून डॉक्टर थांबल्या, पुन्हा टोचून विचारलं, पुन्हा थांबल्या. दुखलं तर डावा हात वर करायचा, असं तिला सांगून ठेवलं होतं. तिने एकदा वर केला आणि सगळे खरोखर थांबले. मी तो वर गेलेला छोटा हात बघत राहिले. माझे दोन्ही हात तेव्हा बाबांनी धरून ठेवले होते. बाबांवर माझा राग नाही. त्यांनी मला धरलं होतं म्हणून मी खुर्चीतून पडले नाही, आणि माझं डोकं त्यांच्या छातीवर होतं तिथे मला त्यांच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते, माझ्याहून जोरात.

दाढ तिला एका निळ्या प्लास्टिकच्या डबीत मिळाली. गाडीत तिने विचारलं, आजी, ही फेकायची ना? तिला मी उंदराची गोष्ट सांगितलेली होती. तिचे दुधाचे दातही तिने असेच डबीत साठवले होते, कारण नवव्या मजल्यावर कौलं नाहीत. मी म्हटलं, तुझ्या मनावर आहे. ती विचार करून म्हणाली, ही परत नाही येणार, मागची पुढे येणार आहे, त्यामुळे उंदराला सांगायची गरज नाही. बरोबरच होतं तिचं. मग तिने आइस्क्रीम मागितलं आणि ते तिला रोजच मिळतं तसं मिळालं.

गावच्या घराची कौलं दादाने सहा वर्षांपूर्वी उतरवली. वाशांना वाळवी लागली होती, माकडं कौलं फोडायची, दर पावसाआधी शाकारणीला माणूस मिळत नव्हता. आता वर निळा पत्रा आहे, पाऊस पडला की बोलणं ऐकू येत नाही. कौलं उतरवताना मी त्याला फोन करून म्हटलं होतं, दात सापडतात का बघ. तो हसला नाही. त्याने गड्यांना सांगून छपराच्या कडेचा सगळा केर चाळून घेतला. पन्नास वर्षांचा पाला, धूळ, उंदरांच्या लेंड्या, एक गंजलेला पैसा. दात एकही नव्हता.

गेल्या महिन्यात नात बाराची झाली. नवा एक्स-रे काढला. मागची दाढ पुढे येऊन उभी होती, पुढच्या उपदाढेला टेकून, मधे दोरा जेमतेम जाईल एवढीच जागा. संध्याकाळी तिने दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तोंडाजवळ नेऊन मोठा आ केला. दादाने चष्मा कपाळावर सारला, दिवा लाव म्हणून वहिनींना ओरडला, आणि मग आपलंही तोंड उघडून कॅमेऱ्यापुढे धरलं. सदुसष्ट वर्षांच्या तोंडात ती डावी दाढ अजून उभी आहे, थोडी झिजलेली, सरळ. ती दोघं एकमेकांच्या तोंडात बघत बसली. मी शेजारी होते. माझी जीभ उजवीकडे गेली होती, त्या फटीत.